‘अगं, ह्यात घडतंय काय?’ : ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ बघायला बसण्याआधी

२०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने जगभरातल्या समीक्षकांचा कौल घेऊन सर्वोत्तम सिनेमांची यादी काढली. ही यादी दर दहा वर्षांनी निघते आणि दर वेळी तिच्यावरून रण माजतं. आपल्याकडे चर्चा झाली ती ‘पथेर पांचाली’ ३५वा आल्याची. त्याच यादीत ६०व्या जागेवर, फेलिनीच्या ‘ला दोल्चे व्हिता’च्या बरोबरीने, आपल्यापैकी बहुतेकांनी तोवर न ऐकलेलं एक नाव होतं : ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’, साल १९९१, दिग्दर्शिका ज्यूली डॅश. ज्यांना ते माहीत होतं, त्यांतल्या अनेकांना गायिका बियॉन्सेमुळे माहीत होतं. २०१६ मध्ये तिचा ‘लेमोनेड’ हा चित्रफितींसकटचा अल्बम आला, तेव्हा त्यातल्या पायघोळ पांढऱ्या झग्यांतल्या बायका आणि ती दक्षिणेकडची झाडं कुठून आली, हे जाणकारांनी लगेच ओळखलं होतं.

मग लोक सिनेमा शोधून काढतात, बघायला बसतात आणि पंचवीस मिनिटांत उठतात. मीही उठले होते. कोण कुणाची कोण तेच लागेना. बोलणं इंग्रजी वाटतं, पण कळत नाही. मधेच एक लहान मुलगी धावत येते, आणि निवेदनात कळतं की ती अजून जन्मलेलीच नाही.

दुसऱ्यांदा बघितला तो मावशीबरोबर. मावशी गडहिंग्लजची, वय त्र्याहत्तर, इंग्रजीचा गंध नाही. तिने दहा मिनिटं गप्प बसून बघितलं आणि विचारलं, ‘‘अगं, ह्यात घडतंय काय?’’ मी सांगायला लागले. संपेपर्यंत मात्र तीच मला दोन गोष्टी सांगून गेली. पुढचं बरंचसं त्या दुपारचं आहे.

घडतं एवढंच

१९०२ सालचा उन्हाळा. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळचं एक बेट. पेझंट नावाचं मोठं कृष्णवर्णीय कुटुंब उद्या सकाळी बेट सोडून उत्तरेकडे, शहरांकडे, कायमचं निघालंय. आज सगळ्यांचं शेवटचं एकत्र जेवण, समुद्रकाठी. सिनेमा जवळजवळ त्या एका दिवसाचा.

घरातली सर्वांत थोरली नाना. (आपल्याकडचे नाना नव्हेत, ही पणजीबाई.) वय नव्वदीकडे झुकलेलं, अर्धं आयुष्य गुलामीत गेलेलं. ती जाणार नाही. तिच्या मते पूर्वज इथल्या मातीत आहेत आणि त्यांना एकटं टाकता येत नाही. उलट्या टोकाला तिची नातसून हेगर : तिला हे मंतर-तंतर, मुळ्या, बाटल्या नकोत, तिला पोरींसाठी नवं जग हवंय. फिलाडेल्फियाहून व्हायोला आलीय, कडक ख्रिस्ती झालेली, सोबत एक फोटोग्राफर घेऊन. पिवळी मेरी आलीय, जी बाहेर ‘वाया गेली’ म्हणून घरातल्या बायका तिच्या हातचं खायलाही तयार नाहीत. आणि यूला : पोटुशी. तिच्यावर एका गोऱ्याने बलात्कार केलाय. तो कोण, हे ती नवऱ्याला, इलायला सांगत नाही. सांगितलं तर तो जाब विचारायला जाईल आणि गोरे त्याला झाडाला लटकवतील, हे तिला ठाऊक आहे. पोटातलं मूल आपलं की त्याचं, या विचाराने इलाय पोखरलाय. ती न जन्मलेली मुलगी म्हणजे हेच मूल. आपण इलायचीच आहोत हे तिला माहीत आहे आणि ते पटवून द्यायला ती आधीच हजर झालीय.

कोण जाणार, कोण राहणार, आणि जाणाऱ्यांनी सोबत काय न्यायचं. कथानक म्हणून एवढंच. ते आधी कळलं म्हणून सिनेमाचं काही बिघडत नाही; उलट डोळे मोकळे होतात.

ही कुठली माणसं?

यांना ‘गला’ म्हणतात. (‘गल्ला’ नाही, तो दुकानात असतो.) जॉर्जिया राज्याच्या बाजूला ‘गीची’ असंही म्हणतात. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यालगत खाड्या, दलदल आणि बेटांची लांबलचक माळ आहे; तिला ‘सी आयलंड्स’ म्हणतात. तिथे गुलाम म्हणून आणलेल्या पश्चिम आणि मध्य आफ्रिकी लोकांचे हे वंशज.

आता मुद्दा असा : अमेरिकेत गुलाम तर सगळ्या दक्षिणेत होते. मग आफ्रिकेच्या खुणा इथेच एवढ्या ठळक का राहिल्या? याचं उत्तर भात आणि डास यांत आहे.

कॅरोलिनाच्या मळेवाल्यांना भात लावायचा होता आणि दलदलीतला भात कसा पिकवायचा हे त्यांना येत नव्हतं. ते येत होतं सिएरा लिओन, सेनेगल, गांबिया या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना. चार्ल्सटनच्या बाजारात या ‘भातकिनाऱ्या’वरून आणलेल्या माणसांना जास्त भाव येई. म्हणजे पकडून आणलं ते नुसते हात नव्हेत. बांध घालणं, भरती-ओहोटीच्या पाण्याने खाचरं भरणं आणि सोडणं, मुसळाने कांडणं, वेताच्या सुपासारख्या रुंद टोपलीत पाखडणं, हे सगळं ज्ञान पकडून आणलं. त्या टोपल्या गवताच्या वेटोळ्यांनी विणतात आणि आजही चार्ल्सटनजवळ रस्त्याकडेला विकायला असतात.

त्यात खाचरं आली की पाणी साचतं, पाणी साचलं की डास, डासांबरोबर मलेरिया. गोरे मळेवाले उन्हाळा लागला की कुटुंबासकट पळ काढत ते थंडी पडेपर्यंत फिरकत नसत. मागे मोजके मुकादम आणि शेकडो आफ्रिकी. शिवाय इथे काम नेमून देण्याची पद्धत होती : दिवसाचा ठरलेला तुकडा संपवला की उरलेला वेळ आपला. गुलामी गुलामीच होती, तिच्यात दयाळू काही नव्हतं. पण मालकाची नजर कमी आणि आपल्यासारखी माणसं जास्त, या दोन गोष्टींनी भाषा, गाणी, पूजाविधी आणि जेवण टिकलं.

जेवणावर कॅमेरा या सिनेमात निवांत रेंगाळतो. खेकडे, कोळंबी, मका, आणि भेंडी. ‘गंबो’ हा जो अमेरिकी पदार्थ आपण ऐकतो, त्याचं नावच मध्य आफ्रिकेतल्या भाषांतल्या भेंडीच्या शब्दावरून आलं. भेंडी चिरणारे हात बघून मावशी पहिल्यांदा सरसावून बसली.

बोलणं कळत नाही, कारण ते तुमच्यासाठी नाही

गला बोली ‘क्रिओल’ आहे. एकमेकांची भाषा न येणारी माणसं एकत्र टाकली की कामापुरती एक मोडकीतोडकी सरमिसळ तयार होते. पुढची पिढी तीच घेऊन जन्मली, वाढली, तिच्यात भांडली आणि रडली, की ती पूर्ण भाषा होते. ती म्हणजे क्रिओल. उदाहरण लांब शोधायला नको. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथले ख्रिस्ती गावकरी घरात ‘नॉ लिंग’ बोलतात, म्हणजे ‘आमची भाषा’ : पोर्तुगिजांच्या संपर्कातून जन्मलेली, मराठीत मुरलेली. लिस्बनच्या माणसाला ती अर्धीच कळेल आणि अलिबागच्या माणसाला अजिबात नाही. गलाचं तसंच आहे. शब्द बरेचसे इंग्रजी, पण वळण, लय आणि कितीतरी शब्द आफ्रिकी.

दीर्घकाळ शिकलेली मंडळी तिला ‘बिघडलेलं इंग्रजी’ म्हणून हिणवत होती. लोरेन्झो डाऊ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात बेटांवर फिरून माणसांना बोलतं केलं, ध्वनिमुद्रणं केली, आफ्रिकी भाषा शिकून शब्द ताडून पाहिले आणि १९४९ मध्ये पुस्तक काढलं. आफ्रिकी मुळाचे हजारो शब्द आणि नावं त्याला सापडली होती. त्यांत मोठा भाग घरगुती, पाळण्यातल्या नावांचा.

टर्नरच्या मुद्रणांतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जॉर्जियातल्या हॅरिस नेक गावच्या अमेलिया डॉली या बाईने त्याला एक छोटं गाणं म्हणून दाखवलं. अर्थ तिला माहीत नव्हता. आईकडून आलं, एवढंच. गाणं सिएरा लिओनमधल्या मेंडे भाषेतलं निघालं. १९९०च्या सुमारास संशोधक ते गाणं घेऊन सिएरा लिओनमधली गावं धुंडाळत निघाले आणि एका गावात बेंडू जबाटी नावाच्या बाईने ते ओळखलं. तिच्या आजीने शिकवलं होतं. तिथे ते अंत्यविधीत म्हणायचं गाणं होतं, आणि आजीने बजावलं होतं की जो कुणी हे गाणं म्हणेल तो आपल्या रक्ताचा. १९९७ मध्ये अमेलियाची मुलगी मेरी मोरन त्या गावी गेली. अटलांटिकच्या या काठावर ते खेळकर गाणं झालं होतं आणि त्या काठावर मर्तिकाचं होतं. दोनशे वर्षं दोन घरांत आयांनी मुलींना शिकवत आणलेलं.

सिनेमातल्या नानाकडे एक पत्र्याची डबी आहे. तिच्यात किडुकमिडुक आहे, आणि तिच्या आईच्या केसांची बट आहे. विकली जाण्याआधी आईने तेवढंच कापून लेकीला दिलेलं. अमेलियाचं गाणं ऐकलं की ती डबी किती खरी आहे ते कळतं.

डॅशने कलाकारांना गला शिकवायला रोनाल्ड डेझ या, सी आयलंड्समधल्या सेंट हेलेना बेटावरच्याच, माणसाला घेतलं. आणि सिनेमा प्रदर्शित झाला तेव्हा खाली इंग्रजी पाट्या दिल्या नाहीत. अमेरिकी प्रेक्षक चिडले, अजून चिडतात. मला मात्र ही सिनेमातली सर्वांत ठाम निवड वाटते. नेहमी उलटं असतं : कृष्णवर्णीय पात्रं गोऱ्या प्रेक्षकाला कळेल असं बोलतात, मधेमधे थांबून आपली रीत समजावतात. इथे कुणी थांबत नाही. तुम्ही त्यांच्या अंगणात आलेले पाहुणे आहात. पाहुण्याने कान देऊन बसावं. इंग्रजी अजिबात न येणारी मावशी आणि इंग्रजीत शिकलेली मी, दोघी त्या दुपारी फारशा दूर नव्हतो.

सरळ का नाही सांगितलं?

हा सर्वांत मोठा आक्षेप. सिनेमा मागे जातो, पुढे जातो, एकाच बाईभोवती घुटमळतो, मधेच घोडा दिसतो, मधेच निळीची कुंडं. सुरुवात-मध्य-शेवट अशी ओळ नाही.

डॅशचं म्हणणं असं की तिने गोष्ट ‘ग्रिओ’च्या पद्धतीने सांगितली. ग्रिओ म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला वंशकथा सांगणारा. घराण्याचा इतिहास त्याच्या तोंडी असतो. मी मावशीला हे समजावत होते तर तिने मला मधेच तोडलं. ‘‘म्हणजे हेळवी की गं!’’

ज्यांनी हेळवी पाहिला नाही त्यांच्यासाठी : कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या बाजूला आणि सीमेपलीकडे कर्नाटकात हेळवी सुगीनंतर दारात येतो आणि तुमच्या घराण्याची वंशावळ सांगतो. मूळ गाव कुठलं, कोण कुठून उठून कुठे आला, कुठल्या भावाचा वंश बुडाला, कोण दत्तक गेला. मावशीच्या माहेरी येणारा हेळवी खापरपणज्यापासून सुरू करायचा, पण एखाद्या नावापाशी आला की त्याच्या बायकोच्या माहेरात शिरायचा, तिथून दुष्काळात, तिथून परत. कुणी त्याला ‘आधी काय झालं, मग काय झालं’ असं विचारत नव्हतं. नावं ऐकणाऱ्यांना आधीच माहीत असतात. ऐकायचं असतं ते आपलं नाव त्यात कुठे येतं.

‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ असा बघायचा. दोन आवाज गोष्ट सांगतात, नाना आणि ती न जन्मलेली मुलगी. एक मागचं धरून आहे, दुसरी पुढचं. मधले सगळे त्यांच्यामधल्या दोरीवर. मावशीला ती मुलगी मुळीच विचित्र वाटली नाही. ‘‘पोटातलं ऐकतंयच की सगळं,’’ म्हणाली.

नावांकडेही कान ठेवा. हेगरच्या एका मुलीचं नाव आयोना. इंग्रजीत फोडून म्हणा : ‘आय ओन हर’, ही माझ्या मालकीची. दुसरीचं नाव ‘माय ओन’, माझी स्वतःची. गुलामीत मूल जन्मलं की मालकाचं होत असे, आईचं नव्हे. त्यातून सुटलेल्या बाईने पोरीच्या नावातच सातबारा लिहून ठेवला. आणि हीच हेगर जुनं सगळं टाकून द्यायला निघालीय. सिनेमा तिला खलनायिका करत नाही, हे मला आवडतं. तिचंही बरोबर आहे.

पण हे खरं आहे का? निळे हात, पाण्यावरून चालणं

नानाचे तळहात निळे आहेत. गुलामीत निळीच्या कुंडांत राबून पक्का बसलेला रंग. यावर जाणकार म्हणतात, नीळ कातडीवर अशी चाळीस वर्षं राहत नाही. बरोबर आहे. शिवाय नाना तरुण होती तेव्हा कॅरोलिनातला निळीचा धंदा जवळजवळ आटोपला होता. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्रजांनी तिकडच्या निळीला आधार देणं थांबवलं आणि मोर्चा बंगालकडे वळवला. त्यातून पुढे आपल्याकडे काय झालं ते चंपारणमुळे आपल्याला माहीत आहे. डॅशलाही हे माहीत होतं. तिने मुद्दाम केलं. गुलामी दाखवायची म्हणजे पाठीवरचे चाबकाचे वळ, हे चित्र इतकं वापरून झालंय की डोळ्यांना त्याची सवय झालीय. निळे हात बघून आपण थांबतो आणि विचारतो, हे काय?

दुसरी गोष्ट ‘इबो लँडिंग’ची. जॉर्जियाच्या सेंट सायमन्स बेटावर मे १८०३ मध्ये इग्बो जमातीचे, आजच्या नायजेरियातले, सुमारे ७५ बंदिवान होडीतून आणले जात होते. त्यांनी ताबा घेतला आणि मग शरण जाण्याऐवजी कित्येक जण खाडीत उतरले आणि बुडाले. लोकांच्या तोंडी ही हकिगत बदलली : ते पाण्यावरून चालत आफ्रिकेला परत गेले, काहींच्या मते उडून गेले. बेटाबेटांवर लोक ‘आमचीच ती जागा’ म्हणून सांगतात.

सिनेमा काय करतो बघा. यूला ही दंतकथा सांगते, साखळदंडासकट पाण्यावर चालत गेल्याची, आणि तिचा नवरा खरोखर पाण्यावर पावलं टाकत जाताना दिसतो. पुढे बिलाल नावाचा म्हातारा मुसलमान फोटोग्राफरला सांगतो, मी तिथे होतो. ते पाण्यात गेले ते वर आले नाहीत. पाण्यावर कुणी चालत नाही. दोन्ही एकाच सिनेमात, आणि एकाने दुसऱ्याला खोडलेलं नाही. तारखा लावायला गेलात तर बिलालचंही जमत नाही. तो ‘वाँडरर’ जहाजातून आल्याचं सांगतो. गुलामांची आयात कायद्याने बंद होऊन पन्नास वर्षं झाल्यावर, १८५८ मध्ये, ते जहाज चोरून माणसं घेऊन जेकिल बेटावर लागलं होतं. म्हणजे १८०३ आणि १८५८ एकात ओतले आहेत. हेळव्याच्या वहीतही असं होतं. तारीख शोधायला ही जागा नव्हे. काय लक्षात ठेवावंसं वाटलं ते शोधायला आहे.

‘शेतावर राबणारी माणसं आणि एवढे परीटघडीचे पांढरे कपडे?’ हाही नेहमीचा प्रश्न. अहो, शेवटचं जेवण आहे आणि फोटोवाला आलाय. जुन्या अल्बममधली आपली आजी रोज शालू नेसून वावरत होती का?

मुंबईपर्यंत आलेला एक धागा

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर एक सांगते. या बेटांवरचं दुसरं मोठं पीक होतं लांब धाग्याचा, रेशमासारखा ‘सी आयलंड’ कापूस. अमेरिकी यादवी युद्ध पेटलं आणि नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या नौदलाने इथलं पोर्ट रॉयल बंदर घेतलं. मळेवाले रातोरात पळाले. गला लोक तोफांच्या त्या दिवसाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिले. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी करणाऱ्या आरमाराचा एक मोठा तळ पुढे इथेच होता. ती नाकेबंदी आवळली तसा लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांनी मुंबईकडे धाव घेतली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि पूर ओसरून शेअर बाजार कोसळला. त्या काळचे कापसाचे राजे प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आपण रोज बघतो.

तिकडे, मालक पळालेल्या बेटांवर आणखी एक गोष्ट झाली आणि आपल्या गोष्टीसाठी ती महत्त्वाची. कर थकला म्हणून सरकारने मळ्यांचे लिलाव काढले, आणि कालपर्यंत गुलाम असलेल्या लोकांनी पैसे जमवून त्यातले तुकडे विकत घेतले. सेंट हेलेना बेटावर १८६२ मध्ये त्यांच्यासाठी ‘पेन स्कूल’ निघाली. दक्षिणेत इतरत्र कृष्णवर्णीय लोक कुळं म्हणून राबत राहिले, तेव्हा इथे अनेकांच्या पायाखाली स्वतःची जमीन होती. नाना का हलत नाही, त्याचं हेही कारण आहे. माती ही तिच्यासाठी उपमा नाही.

‘पहिली’ म्हणजे नेमकं काय?

या सिनेमाबद्दल एक वाक्य सगळीकडे असतं : आफ्रिकी-अमेरिकी स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि अमेरिकेत सर्वत्र चित्रपटगृहांत रीतसर प्रदर्शित झालेला हा पहिला कथापट. लोक लगेच उदाहरणं काढतात. कॅथलीन कॉलिन्सने १९८२ मध्ये पूर्ण लांबीचा सिनेमा केला होता. केला होता, पण तो तेव्हा चित्रपटगृहांपर्यंत पोचलाच नाही. १९८९ मध्ये युझां पाल्सीने मोठ्या स्टुडिओसाठी सिनेमा केला. पण ती मार्टिनिक या फ्रेंच बेटावरची, अमेरिकी नव्हे. म्हणजे ‘पहिली’चा अर्थ आधी कुणाला जमलं नव्हतं असा नाही. दार आतून बंद होतं, असा आहे. आणि साल १९९१ होतं, १९३१ नव्हे.

डॅश न्यूयॉर्कमध्ये वाढली. वडिलांच्या बाजूचं घर या बेटांकडचं. लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठात शिकलेल्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकांच्या एका फळीतली ती. चार्ल्स बर्नेट, हायली गेरिमा हे तिचे सोबती. त्या फळीला पुढे ‘एल. ए. रिबेलियन’ असं नाव पडलं, कारण हॉलिवूडच्या नाकावर टिच्चून, हॉलिवूडसारखे नसलेले सिनेमे करण्याचा त्यांचा निश्चय होता. हा सिनेमा सुमारे ८ लाख डॉलरमध्ये झाला, मुख्यतः सार्वजनिक टीव्हीच्या पैशातून. चित्रीकरण सेंट हेलेना आणि हंटिंग बेटांवर, बरंचसं नैसर्गिक उजेडात. छायाचित्रण आर्थर जाफाचं. कोडॅकऐवजी आग्फाची फिल्म वापरली, कारण काळ्या त्वचेच्या छटा तिच्यावर जास्त नीट उतरत. तोवरची बरीचशी रंगीत फिल्म गोरी त्वचा प्रमाण धरून जुळवलेली असे. बाकीचे काळपट डागासारखे दिसत. सनडान्स महोत्सवात छायाचित्रणाचं पारितोषिक मिळालं आणि तरी बड्या वितरकांनी हात आखडला. शेवटी एका छोट्या कंपनीने १९९२च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये लावला आणि बायकांच्या रांगा लागल्या. २००४ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेला. डॅशच्या वाट्याला मात्र या सिनेमानंतर बरीच वर्षं टीव्हीचंच काम आलं.

जाणारे गेले, राहिलेल्यांचं काय झालं?

शेवटच्या आदल्या प्रसंगात नाना आईच्या केसांची बट स्वतःच्या केसांबरोबर बांधून एक ताईत करते, तो बायबलवर ठेवते आणि जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचं चुंबन घ्यायला लावते. दोन्ही धर्म एका पुडीत. हेगर नकार देते. सकाळी होडी सुटते. ऐन वेळी आयोना उडी मारून खाली उतरते, तिच्या चेरोकी प्रियकराच्या घोड्यावर. यूला, इलाय आणि पिवळी मेरी मागे राहतात.

मावशीने लगेच विचारलं, ‘‘मग जमिनीचं काय झालं?’’ सिनेमात याचं उत्तर नाही; इतिहासात आहे.

१९१० नंतरच्या साठ वर्षांत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. पेझंट कुटुंब त्या लाटेच्या अगदी पुढे होतं. बेटांवर राहिलेल्यांची जमीन बहुधा मृत्युपत्राशिवाय पुढच्या पिढीकडे गेली. वकिलांवर विश्वास नव्हता आणि कोर्ट गोऱ्यांचं होतं. म्हणून ती सगळ्या वारसांची सामाईक झाली. आज एका तुकड्याला शंभर वारस असू शकतात, त्यांतले निम्मे न्यूयॉर्कला, कित्येकांनी बेट पाहिलेलंही नाही. आपल्या सामाईक सातबाऱ्यासारखंच. फरक पुढे येतो. लांबच्या एखाद्या वारसाकडून बिल्डर त्याचा छोटासा वाटा विकत घेतो. आता बिल्डर सहमालक. तो कोर्टात जातो आणि वाटणी मागतो. एवढ्या वारसांत तुकडे पाडता येत नाहीत म्हणून कोर्ट सगळी जमीन लिलावात काढतं आणि लिलावात बोली लावायला पैसा एकट्या बिल्डरकडे असतो.

१९५६ मध्ये हिल्टन हेड बेटाला पूल झाला. त्याआधी तिथे प्रामुख्याने गला वस्ती होती. आज ते गोल्फ आणि सुट्टीच्या बंगल्यांचं बेट आहे, आणि तिथल्या फाटकबंद वसाहतींनी स्वतःच्या नावात हौसेने ‘प्लँटेशन’ लावलं. गुलामांच्या मळ्याचाच तो शब्द. सेंट हेलेनावर मात्र १९९९ पासून गोल्फ मैदानं आणि फाटकबंद वसाहतींना मनाई आहे. २०२३ मध्ये एका बिल्डरने ती उठवण्यासाठी जोर लावला, पण स्थानिक कौन्सिलने ती ठेवली. त्याच वर्षी जॉर्जियातल्या सापेलो बेटावर उलटं झालं : मोठी घरं बांधायला परवानगी देणारे नियम आले. मोठी घरं आली की जमिनीचे भाव वाढतात, भाव वाढले की कर वाढतो, आणि तिथे मासे पकडून राहणाऱ्याला तो झेपत नाही. लिलावाच्या युक्तीला चाप लावणारा कायदा साउथ कॅरोलिनात २०१६ मध्ये झाला. आता आधी स्वतंत्र मूल्यांकन करावं लागतं आणि इतर वारसांना तो वाटा विकत घेण्याची संधी द्यावी लागते.

हे सगळं मी मावशीला सांगितलं तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती. ती बराच वेळ काही बोलली नाही.

‘‘एका वाट्यावरनं सगळी गेली?’’

‘‘हो.’’

‘‘आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं हायत,’’ ती म्हणाली. ‘‘माझं न्हाई. मी हक्कसोड दिलंय.’’